ऑरेंज काउंटी, युनियन टू की कॉलेज आणि उन्हाळी लीग? सोळा वर्षांच्या फुटबॉलपटूसाठी तुलना

ताईचा मुलगा सोळाचा आहे. न्यू जर्सीत वाढलेला, फुटबॉल खेळतो, डाव्या पायाचा, लेफ्ट बॅक म्हणजे डावीकडचा बचावपटू. वर्षभर त्यांच्या घरी जेवताना एकच विषय निघतो: पुढे कुठे? दाजी म्हणतात कॉलेज, मुलगा म्हणतो प्रो, म्हणजे थेट व्यावसायिक क्लब. मामा म्हणून दोघांनीही मला पंच केलं. मग मी तरुण खेळाडू घडवण्यासाठी ओळखले जाणारे अमेरिकेतले खालच्या स्तरावरचे क्लब एकेक करून पाहत गेलो. ज्यांच्या घरी असाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सुरुवात एका नियमापासून करायला हवी, कारण सगळं गणित त्याच्याभोवती फिरतं. फिफा अठरा वर्षांखालच्या खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये जाऊ देत नाही. काही अपवाद आहेत. युरोपीय संघाचा पासपोर्ट असेल तर युरोपात सोळाव्या वर्षीही दार उघडतं, पण आपल्या मुलांकडे तो क्वचितच असतो. म्हणजे सोळा ते अठरा ही दोन वर्षं अमेरिकेतच काढायची आहेत. कुठल्या क्लबचा बिल्ला जास्त चमकतो हा प्रश्न मी बाजूला ठेवला. या दोन वर्षांत मुलाला खऱ्या सामन्यांची किती मिनिटं मिळतील, एवढंच मी प्रत्येक ठिकाणी पाहिलं.

ऑरेंज काउंटी एससी हा कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनचा क्लब. मैदान ग्रेट पार्कमध्ये, जेमतेम ५,००० प्रेक्षकांचं. तो कुठल्या मोठ्या क्लबचा राखीव संघ नाही. यूएसएल चॅम्पियनशिप या देशातल्या अधिकृत दुसऱ्या स्तरावर स्वतःच्या बळावर उभा आहे. मुलं तयार करायची, मोठ्यांच्या सामन्यात उतरवायची आणि युरोपला विकायची, हा त्याचा उघड व्यवसाय आहे. मला हा उघडपणा आवडतो. क्लबचं उत्पन्नच मुलगा खेळण्यावर आणि दिसण्यावर अवलंबून असेल, तर त्याला बाकावर बसवून ठेवण्यात कोणाचाच फायदा नाही.

उदाहरणं ठोस आहेत. गोलरक्षक ॲरन सर्व्हँटिस २०२० मध्ये इथून स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेला. २०१९ मध्ये या क्लबने फ्रान्सिस जेकब्सशी चौदाव्या वर्षी करार केला, तेव्हा फ्रेडी अडूचा अमेरिकेतल्या सर्वांत कमी वयाच्या व्यावसायिक खेळाडूचा विक्रम मागे पडला. मला सर्वांत बोलकं वाटतं ते कोबी हेन्रीचं प्रकरण. हा बचावपटू मूळचा फ्लोरिडाचा. किशोरवयात देशाच्या दुसऱ्या टोकाला येऊन ऑरेंज काउंटीत खेळला. एप्रिल २०२२ मध्ये अठरा पूर्ण झाले आणि त्याच उन्हाळ्यात फ्रान्सच्या रेंसने त्याला घेतलं. रक्कम सुमारे ७ लाख डॉलर सांगितली गेली, यूएसएलसाठी तेव्हा विक्रमी. मधली दोन वर्षं वाया न घालवणं म्हणजे काय, ते इथे दिसतं. मुलं खेळवली म्हणून संघ हरत राहिला असंही झालं नाही. २०२१ च्या अंतिम सामन्यात टँपा बे राउडीजला ३-१ ने हरवून क्लबने विजेतेपद मिळवलं.

अडचणही मोठी आहे. समोर तिशीतले मुरलेले फॉरवर्ड असतात. सतराव्या वर्षी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायला अंगात ताकद लागते. आणि न्यू जर्सीच्या मुलाने कॅलिफोर्नियात राहायचं म्हणजे घर सुटलं, शाळा बहुधा ऑनलाइन. ताईचा जीव इथेच अडकला, आणि तिचं चुकतं असं मला वाटत नाही.

फिलाडेल्फिया युनियन टूची रचना वेगळी आहे. हा एमएलएस या अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमधल्या फिलाडेल्फिया युनियनचा दुसरा संघ. २०१६ मध्ये बेथलेहेम स्टील एफसी या नावाने यूएसएलमध्ये सुरू झाला, आता एमएलएस नेक्स्ट प्रोमध्ये खेळतो. ती लीग २०२२ ची, अधिकृत तिसऱ्या स्तराची. बरोबरी झाली की तिथे पेनल्टी होतात आणि जिंकणाऱ्याला जादा गुण मिळतो. कोवळ्या वयात दडपणाखाली पेनल्टी मारायची सवय लागते, हे मला फार मोलाचं वाटतं. समोरचे खेळाडू बहुतेक विशीच्या आसपासचे, त्यामुळे धक्काबुक्की कमी आणि शिकायला उसंत जास्त.

खालून वर जाणारी शिडी इथे डोळ्यांना दिसते. युनियनच्या अकादमीसोबत खेळाडूंसाठीची वायएससी ही शाळा २०१३ पासून चालते. न्यू जर्सीतल्या मेडफर्डचा ब्रेंडन ॲरनसन अकादमीतून बेथलेहेम स्टीलमध्ये आला, तिथून पहिल्या संघात, २०२१ मध्ये ऑस्ट्रियाच्या साल्झबर्गला, पुढे इंग्लंडच्या लीड्सला आणि २०२२ च्या विश्वचषकात. कॅव्हन सलिव्हन जुलै २०२४ मध्ये वयाच्या १४ वर्षे २९३ दिवसांना एमएलएसमध्ये उतरला, त्याआधी तो युनियन टूकडून खेळला होता. त्याचं आजोळ अंशतः बांगलादेशी आहे. आपल्यासारख्या दिसणाऱ्या मुलांना हे नाव मी मुद्दाम सांगतो.

पण ही शिडी मुख्यतः आतल्या मुलांसाठी आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून अकादमीत असलेल्यांना पहिली पसंती मिळते, सोळाव्या वर्षी बाहेरून येणाऱ्याला रांगेत मागे उभं राहावं लागतं. शिवाय पहिल्या संघातला एखादा खेळाडू दुखापतीतून उठला की त्याला सराव म्हणून इथेच खेळवतात, आणि त्या दिवशी तुमच्या मुलाची जागा गेली.

तिसरा रस्ता कॉलेज आणि यूएसएल लीग टूचा. साधारण मे ते जुलै चालणारी ही लीग. कॉलेजचे खेळाडू सुट्टीत खेळतात, पगार घेत नाहीत आणि त्यांची कॉलेजच्या संघात खेळण्याची पात्रता टिकते. हंगाम छोटा, दर्जा संघागणिक कमीजास्त. तरी मॅट टर्नरकडे पाहा. न्यू जर्सीच्या पार्क रिजचा हा मुलगा २०१० च्या विश्वचषकानंतर खेळाकडे गांभीर्याने वळला. फेअरफील्ड विद्यापीठात शिकला, उन्हाळ्यात जर्सी एक्स्प्रेसकडून याच लीगमध्ये (तेव्हाची पीडीएल) खेळला. एमएलएसचे क्लब कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणी निवडलं नाही. २०२२ च्या विश्वचषकात अमेरिकेचा गोलरक्षक तोच होता.

आता व्हिसा. याबद्दल प्रशिक्षक बोलत नाहीत, कारण त्यांच्या बहुतेक मुलांना तो प्रश्नच नसतो. मुलगा एच-४ वर, म्हणजे आई-वडिलांच्या एच-१बी नोकरी-व्हिसावर अवलंबून असेल तर त्याला पगार घेऊन काम करता येत नाही, म्हणजे व्यावसायिक करार तिथेच अडतो. ग्रीन कार्ड नसेल तर तो संघाच्या मर्यादित परदेशी जागांत मोजला जाण्याचा प्रश्नही येतो. अशा घरांसाठी विनामानधन अकादमी करार हा तपासण्याजोगा पर्याय आहे. यूएसएलमध्ये त्यावर शाळकरी मुलगा मोठ्यांच्या संघात खेळतो आणि कॉलेजचा रस्ताही मोकळा राहतो. सहीआधी इमिग्रेशन वकिलाला आणि कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (खेळाडूंच्या पात्रतेचे नियम पाहणारं कार्यालय) लेखी विचारा. दोन्हीकडचे नियम बदलते आहेत.

आणखी एक. अमेरिकेत आजवर तळाचा संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जात नव्हता, म्हणून प्रशिक्षक बिनधास्त मुलं उतरवत. यूएसएलने २०२५ मध्ये बढती-घसरण आणायचं ठरवलं आहे, २०२७-२८ च्या सुमारास. घसरणीची भीती आली की सतरा वर्षांच्या लेफ्ट बॅकवर भरवसा ठेवायला प्रशिक्षकाचा हात आखडेल, अशी मला धास्ती वाटते.

माझं मत सांगतो. मुलगा बारा-तेराचा आणि घर फिलाडेल्फियाजवळ असेल तर युनियनची अकादमी, दुसरा विचार नको. सोळा-सतराचा, अंगाने भरलेला आणि कागदपत्रं पक्की असतील तर ऑरेंज काउंटीसारखा स्वतंत्र क्लब, पण गेल्या हंगामात अठराखालच्या किती मुलांनी लीग सामन्याची सुरुवात केली हा आकडा हातात घेऊनच. बाकी सगळ्यांना कॉलेज आणि उन्हाळी लीग.

भाच्याचं शरीर अजून भरायचं आहे आणि ताई-दाजींचं ग्रीन कार्ड रांगेत आहे. त्याने सध्या कॉलेजच्या प्रशिक्षकांना व्हिडिओ पाठवायला घेतले आहेत. पहिल्या तीन व्हिडिओंत त्याच्या उजव्या पायाचा एकही पास नव्हता. ते मी त्याला परत चित्रित करायला लावले.