टीकेडीएल की गावची नोंदवही?

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पावरा, भिल्ल लोकांचं झाडपाल्याचं ज्ञान जपायचं तर ते लिहायचं कुठं? टीकेडीएल, म्हणजे पारंपरिक ज्ञानाची सरकारी डिजिटल लायब्ररी, २००१ पासूनची, कामाचीच आहे, कुणी पेटंट मागितलं की पेटंट ऑफिसवाले तिच्यात तपासतात आणि खोटा दावा अडवता येतो, पण ती भरलीय मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्धच्या ग्रंथांवरून, आणि आमच्या सातपुड्यातली म्हातारी साल किती बोटं काढायची, कुठल्या महिन्यात, हे नातीला झाडाखाली उभं करून सांगते, तिचा ग्रंथ कुठून आणायचा? २००२च्या जैवविविधता कायद्याखालची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं-प्राणी आणि त्यांच्याबद्दलचं लोकांचं ज्ञान लिहायची वही, गावच्या जैवविविधता समितीनं लोकांना विचारूनच करायची असते, म्हणून मला तीच जवळची वाटते. फक्त एजन्सीकडून घाईघाईत भरून घेऊ नका भाऊ, आणि औषधाचं कुठलं गुपित लिहायचं, कुठलं नाही, हे त्या म्हातारीलाच ठरवू द्या.