एसटीआय की एव्हो: टॉर्कची वाटणी कोणी करायची?

सुबारूची डब्ल्यूआरएक्स एसटीआय आणि मित्सुबिशीची लान्सर एव्होल्यूशन टेन यांच्या २००७ मध्ये आलेल्या पिढ्या आज केवळ जुन्या गाड्यांच्या बाजारात मिळतात. टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) आणि ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी रचना) दोन्हींत आहेत. मात्र टॉर्कच्या, म्हणजे चाके फिरवणाऱ्या जोराच्या, वाटणीत चालकाला किती अधिकार द्यायचा, याचे उत्तर दोन्ही कंपन्यांनी वेगवेगळे दिले, आणि माझ्या मते निवड त्यावरूनच करावी.

एसटीआयमध्ये सेंटर डिफरन्शियलची, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांत टॉर्क वाटणाऱ्या यंत्रणेची, कळ चालकाच्या हाताशी असते. ती ‘ऑटो’वर ठेवल्यास संगणक काम पाहतो, ‘मॅन्युअल’वर घेतल्यास पुढच्या व मागच्या चाकांमधील पकड चालक स्वतः टप्प्याटप्प्याने घट्ट किंवा सैल करतो. पूर्ण सैल असताना टॉर्क पुढे ४१ आणि मागे ५९ टक्के असा विभागला जातो, त्यामुळे गाडी वळणात सहज शिरते. पूर्ण घट्ट केल्यास पुढचा व मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरतात. बर्फात किंवा सैल खडीवर हे उपयोगी पडते, पण कोरड्या डांबरावर नाही, कारण वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचे अंतर कापतात आणि तो फरक सामावायला वाव न उरल्याने टायर घासतात व यंत्रणेवर ताण येतो.

एव्होमध्ये चालकाने रस्ता ‘टारमॅक’ (डांबरी), ‘ग्रॅव्हल’ (खडीचा) की ‘स्नो’ (बर्फाचा) एवढेच सांगायचे असते. सेंटर डिफरन्शियलचा हायड्रॉलिक क्लच किती आवळायचा हे संगणक ठरवतो, शिवाय मागच्या डाव्या-उजव्या चाकांतही तो टॉर्क कमी-जास्त करतो. अनोळखी, ओल्या घाटरस्त्यासाठी मी एव्होच सुचवेन. मोकळ्या ट्रॅकवर सराव करून गाडीचा तोल समजून घ्यायचा असेल, तर एसटीआयसारखी शिक्षिका नाही.

टर्बोबाबत दोन्ही गाड्या सावध आहेत. एसटीआयच्या एसआय-ड्राइव्ह या निवड-यंत्रणेतील ‘इंटेलिजंट’, ‘स्पोर्ट’ आणि ‘स्पोर्ट शार्प’ या पर्यायांनी इंजिनाचा प्रतिसाद बदलतो, परंतु बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, थेट चालकाच्या हाती येत नाही. टर्बोकडे जाणारा धूर वळवणाऱ्या वेस्टगेट या झडपेमार्फत तो संगणकच राखतो. म्हणून आधीच्या मालकाने बाहेरून बूस्ट कंट्रोलर बसवलेली गाडी टाळावी. बूस्ट वाढवून इंधनाचे व ठिणगीचे गणित तेच ठेवले, तर इंजिनात नॉकिंग (इंधनाचा अवेळी, धक्क्याने होणारा स्फोट) सुरू होते, आणि एसटीआयच्या २.५ लिटर इंजिनाचे पिस्टन ते फार काळ सोसत नाहीत. एव्हो घेताना टॉर्क वाटणाऱ्या यंत्रणेचा मागच्या बाजूचा हायड्रॉलिक पंप आवर्जून तपासून घ्यावा. रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या थंड देशांत तो गंजून निकामी होतो आणि बदलणे खर्चिक असते.