सॅलिनिटी मॉनिटर आणि टाकीतले मासे: बरेच महिने वापरल्यावर

आधीच सांगून टाकतो, वस्तू चांगली आहे, उद्या बिघडली तर परत घेईन, पण ज्या कारणासाठी बहुतेक जण घेतात त्यासाठी नाही. लोकांना वाटतं हे एकदा समुद्री माशांच्या टाकीच्या संपमधे (पाणी साफ करायच्या जोडटाकीत) लावलं की सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा, मोजायची कटकट संपली, रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यावरून खारेपणा दाखवणारं हातातलं उपकरण) देऊन टाका कोणाला तरी. अजिबात देऊ नका. हे यंत्र आकडा सांगण्यात ठीकठाक आहे आणि आकडा कुठे चाललाय हे सांगण्यात जबरदस्त आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वापरल्याशिवाय नीट डोक्यात शिरत नाही.

टाकीबद्दल थोडं. डिस्प्ले आणि संप मिळून साधारण अडीचशे लिटर पाणी, ओसेलारिस क्लाऊनची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्याच बिळात राहणारी पिस्टल श्रिंप, एक क्लीनर श्रिंप, टर्बो गोगलगायी, आणि कोरल म्हणाल तर सगळे सॉफ्ट म्हणजे लेदर, झोआ आणि थोडं झेनिया. एसपीएसवाल्यांनी (कडक सांगाड्याचे नाजूक कोरल पाळणाऱ्यांनी) माझ्या सहनशक्तीवर जाऊ नये, त्यांचं गणित वेगळं असतं.

मॉनिटर म्हणजे एक कंडक्टिव्हिटी प्रोब, त्यातच टेंपरेचर सेन्सर, आणि वायफायवरून अॅपमधे ग्राफ. खारेपणा तो थेट मोजतच नाही, पाण्यातून करंट किती जातो ते मोजतो आणि त्यावरून पीपीटी (पाण्याच्या हजार भागांत मीठ किती भाग) काढून दाखवतो. २५ अंशाला ३५ पीपीटीचं पाणी म्हणजे ५३ मिलिसीमेन्स, हा आकडा पाठ करून ठेवा, कॅलिब्रेशनची बाटली घेताना लागतो. आणि तापमान एक अंश बदललं की कंडक्टिव्हिटी साधारण २ टक्के हलते म्हणून आतला टेंपरेचर सेन्सर बरोबर असणं फार महत्वाचं, तो एक अंशाने चुकला तर सॅलिनिटी सातएक दशांश चुकलीच समजा. साध्या थर्मामीटरशी ताडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे, कोणी करत नाही.

आता बसवण्याबद्दल. सोबतच्या कागदावर लिहिलंय संपमधे कुठेही लावा. हे साफ चुकीचं आहे. स्किमरचं (फेस करून घाण काढणाऱ्या यंत्राचं) पाणी जिथे पडतं तिथे बारीक बुडबुडे असतात, ते प्रोबच्या खाचेत जाऊन बसतात आणि हवेतून करंट जात नाही म्हणून रीडिंग धाडकन खाली येतं, मग थोड्या वेळाने बुडबुडा सुटला की परत वर. ग्राफ बघून वाटतं टाकीत काय प्रलय चाललाय, टाकीत काहीच नसतं. बॅफलच्या (संपमधे खाने पाडणाऱ्या काचेच्या) पलीकडे, जिथे पाणी वाहतं पण फेस नाही आणि पातळी कधी खाली जात नाही अशा खान्यात तिरका लावा. रिटर्न पंपाच्या खान्यात नको कारण बाष्पीभवनाने पातळी तिथेच उतरते, आणि टॉप-ऑफचं, म्हणजे उडालेल्याच्या जागी भरायचं, आरओ (गाळलेलं, बिनमिठाचं) पाणी पण तिथेच पडतं, ते नीट मिसळायच्या आत प्रोबला लागलं की रीडिंग गंडतं.

आता सगळ्यात महत्वाचं, ड्रिफ्ट, म्हणजे रीडिंग हळूहळू खऱ्या आकड्यापासून सरकत जाणं. सुरुवातीचे काही आठवडे मॉनिटर आणि रिफ्रॅक्टोमीटर अगदी हातात हात घालून चालत होते. मग मॉनिटर हळूहळू उतरायला लागला, ३५, ३४.६, ३४.२, असं करत करत ३३.२ वर. रिफ्रॅक्टोमीटर मात्र ३५ वरून हलायला तयार नाही. प्रोब बाहेर काढला तर खाचेत तपकिरी बुळबुळीत थर आणि कडेला पांढरे चुन्यासारखे कण. साध्या व्हिनेगरमधे थोडा वेळ ठेवला, मऊ ब्रशने आतून फिरवला, आरओने धुतला, परत लावल्यावर पुन्हा ३५ च्या आसपास आला आणि मग ५३ च्या लिक्विडमधे कॅलिब्रेट केला. विचार करा, रिफ्रॅक्टोमीटर घरात नसता आणि कोणी अॅपवर विश्वास ठेवून मीठ टाकलं असतं तर काय झालं असतं. एक पीपीटी वाढवायला लिटरमागे साधारण एक ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे अडीचशे लिटरला साडेचारशे ग्रॅम टाकून बसला असता आणि खरी सॅलिनिटी ३७ च्या जवळ. घाणेरडा प्रोब बहुतेक वेळा कमीच दाखवतो आणि आपला हात मिठाकडे जातो, नेमकं उलटं नुकसान. म्हणून या रीडिंगवर आपोआप काही डोस करणारी सिस्टिम जोडू नका एवढंच हात जोडून सांगणं.

रिफ्रॅक्टोमीटरबद्दल पण एक गोष्ट, कारण त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवणारे पण खूप आहेत. आरओ पाणी टाकून शून्य केलं म्हणजे झालं असं नसतं. स्वस्तातले बरेचसे रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नाही, आणि शून्याला बरोबर असले तरी ३५ ला दीडेक पीपीटी जास्त दाखवतात. म्हणजे तुम्ही ३५ बघून खूश आणि टाकीत खरं साडेतेहतीस. ३५ च्या स्टँडर्ड लिक्विडनेच सेट करायचा. आणि त्या बाटलीचं झाकण घट्ट लावायचं, सैल राहिलं तर त्यातलं पाणी उडून लिक्विडच खारट होतं आणि मग सगळी उपकरणं मिळून एकच चूक दाखवतात. काट्यावाल्या प्लास्टिक हायड्रोमीटरबद्दल मी काही बोलत नाही, काट्याला एक बुडबुडा चिकटला की काटा वर, मीठ साचून जड झाला की खाली.

आता ग्राफ, ज्यासाठी मी हे परत घेईन. ऑटो टॉप-ऑफ नीट चालू असेल तर ग्राफ करवतीच्या दातांसारखा दिसतो, थोडा चढ, पंप चालला की थोडी उतरण, परत चढ. एकदा रात्रीपासून दात दिसायचे बंद झाले आणि नुसती सरळ चढण. माझ्या टाकीतून दिवसाला साडेतीन-चार लिटर पाणी उडतं, पाणी जातं आणि मीठ मागे राहतं, त्यामुळे टॉप-ऑफ बंद असेल तर दिवसाला अर्धा पीपीटी सहज वाढतो. ३६ ला अलार्म वाजला तेव्हा मी संपमधे बघितलं तर एक टर्बो गोगलगाय बॅफल चढून येऊन फ्लोट स्विचवर बसलेली, स्विच वरच अडकलेला, पंपाला वाटतंय पाणी भरपूर आहे. गोगलगाय उचलली, स्विचला जाळीचं कव्हर केलं, पाणी एकदम न ओतता हळूहळू परत खाली आणलं.

यात गंमत काय, या सगळ्या काळात माशांनी ढिम्म काही दाखवलं नाही. क्लाऊन नेहमीसारखे काचेशी येऊन खाणं मागत होते, गोबी बिळाच्या तोंडाशी बसलेला, श्रिंप बुलडोझर चालवत वाळू बाहेर ढकलतीये. आणि ते बरोबरच आहे. समुद्रातल्या माशाच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या जेमतेम एक तृतीयांश खारट असतं, म्हणजे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर जात असतं, तो सतत समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. हे काम तो चोवीस तास करतोच, एखादा पीपीटी वाढला तर थोडं जास्त करतो, चेहऱ्यावर काही दिसत नाही. मासे बघून सॅलिनिटी ओळखतो म्हणणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून पुढे जावं. श्रिंप, स्टारफिश, कोरल यांचं तसं नाही, बाहेरच्या पाण्याशी त्यांचं अंगातलं पाणी जवळपास जुळलेलं असतं म्हणून त्यांना झटका आधी बसतो. पण लेदर कोरल मिटला म्हणून धावू नका, तो साल टाकताना आठवडाभर सुद्धा रुसून बसतो.

मग मासे बघायचेच कशाला? बाकी सगळ्यासाठी. ते ज्या गोष्टी सांगतात त्या मॉनिटरला कळत नाहीत. एकदा सकाळी लाईट लागायच्या आत बघितलं तर ग्रामा गुहेच्या बाहेर, वेव्हमेकरच्या (टाकीतलं पाणी हलवणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात तोंड करून, कल्ले भराभर हलतायत. शांत असताना त्याचे कल्ले किती वेगाने हलतात हे मला रोज बघून माहीत होतं त्यामुळे फरक लगेच कळला. क्लाऊन दोघं पृष्ठभागाजवळ. अॅप उघडलं तर सॅलिनिटी दोरी लावल्यासारखी सरळ, पण तापमान रात्रीतून २६ वरून २८ च्या वर. म्हणजे प्रश्न ऑक्सिजनचा. समुद्राच्या पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास तर खाऱ्यात पावणेसात, आणि पाणी तापलं की अजून कमी, त्यात पहाटेची वेळ म्हणजे रात्रभर सगळ्यांनी श्वास घेऊन झालेला. स्किमरची हवेची नळी बघितली तर तोंडाशी मिठाचा खडा जमून जवळपास बंद. गरम पाण्याने धुतली, वेव्हमेकर वर वळवून पृष्ठभाग हलता केला, दुपारपर्यंत ग्रामा परत गुहेत. इथे मॉनिटरने उत्तर दिलं नाही पण सॅलिनिटीचा संशय एका नजरेत काढून टाकला, नाहीतर माणूस अशा वेळी टेस्ट किट काढून बसतो आणि तासभर जातो.

दगडाला अंग घासणं हे पण सॅलिनिटीचं लक्षण म्हणून सांगितलं जातं. एखाद्या वेळी घासलं तर सोडून द्या, सारखं घासत असेल आणि श्वास पण वाढलेला असेल तर परजीवींचा विचार करा, अंगावर पांढरे ठिपके दिसायची वाट बघू नका कारण ते कल्ल्यात आधी बसतात. आणि नवीन लोकांसाठी, क्लाऊन रात्री कोपऱ्यात वरच्या बाजूला वाकडे होऊन थरथरत झोपतात. तो आजार नाही. झोपू द्या.

नवीन मासा आणताना हा मॉनिटर काही कामाचा नाही कारण प्रोब संपमधे अडकलेला. पिशवीतलं पाणी हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरनेच मोजावं लागतं. दुकानात पाणी बऱ्याचदा १.०२० च्या (ही विशिष्ट घनता, खारेपणाचंच दुसरं माप) आसपास ठेवलेलं असतं आणि घरी १.०२६. खाऱ्यातून कमी खाऱ्यात मासा बऱ्यापैकी सांभाळून घेतो, उलट दिशेने मात्र जपून, म्हणून मी क्वारंटाईनचं पाणी पिशवीशी जुळवतो आणि मग दिवसाला एक-दीड पीपीटी असं चढवतो. श्रिंपला तर अजून सावकाश.

तक्रारी. अॅप दळभद्री आहे. पाणी बदलताना पातळी उतरली की प्रोब उघडा पडतो आणि सॅलिनिटी शून्य म्हणून फोन बोंबलतो, अलार्म थोडा वेळ गप्प करायची सोय नाही. जुना डेटा बाहेर काढता येत नाही. नेट गेलं की ग्राफमधे भोक. कस्टमर केअरला ड्रिफ्टबद्दल विचारलं तर प्रोब साफ करा एवढंच उत्तर, किती दिवसांनी ते नाही, माझ्या अनुभवाने तीन-चार आठवड्यांनी करावा आणि दर वेळी आधी रिफ्रॅक्टोमीटरशी ताडून. अजून एक, ओलं स्किमिंग (स्किमरचा फेस पाणचट ठेवणं) करत असाल तर कपमधून खारं पाणी जातं, टॉप-ऑफ त्या जागी गोडं पाणी भरतो, आणि सॅलिनिटी आठवड्यांमधे हळूहळू खरोखरच उतरते. ड्रिफ्टसारखाच ग्राफ दिसतो. कोणता खरा हे रिफ्रॅक्टोमीटरच सांगणार.

टाकी पन्नास-साठ लिटरची असेल तर जरूर घ्या, तिथे एक लिटर पाणी उडालं तरी अर्ध्या पीपीटीहून जास्त फरक पडतो. मोठी टाकी, नुसते मासे, कोरल नाही आणि टॉप-ऑफ रोज डोळ्याने बघताय, तर हे पैसे आधी चांगल्या स्किमरमधे घाला. माझ्याकडून पाचात साडेतीन, अॅप सुधारलं तर चार.