रेन वॉटर हार्वेस्टिंग करून घेतलं: काम ठीक, पण पाईप स्वतः मोजा

गोव्यात फोंड्याला आमची 12 फ्लॅटची जुनी बिल्डिंग, गळती नको म्हणून टेरेसवर 200 स्क्वेअर मीटरचा पत्रा टाकलाय. एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो, मग टँकर, आणि पावसात त्याच पत्र्यावरचं पाणी धो धो गटारात. शेवटी 2025 ला एका लोकल काँट्रॅक्टरला काम दिलं. नाव लिहीत नाही, शेजारच्याच वाड्यावरचा माणूस आहे.

फोन केला की 'फाल्यां येतां', म्हणजे उद्या येतो. पाऊस 5 जूनला येईल असं त्याचं गणित आणि आला 25 मेलाच, पाईप अजून जिन्यात पडलेले.

खरी भानगड फर्स्ट फ्लशची. पहिल्या पावसात धूळ, कावळ्यांची घाण, आंब्याचा पाला सगळं पत्र्यावरून वाहून येतं, ते पाणी एका उभ्या पाईपमध्ये साठतं, पाईप भरला की आतला बॉल वर येऊन तोंड बंद करतो आणि मग पुढचं पाणी फिल्टरच्या खड्ड्यातून विहिरीकडे जातं. आयडिया झकास, पण ह्याने लावला 4 इंची पाईप, 2 मीटर लांब, त्यात मावतं जेमतेम 16 लिटर! अहो आमच्या पत्र्यावर 1 मिलिमीटर पाऊस पडला तरी 200 लिटर होतात. पहिल्याच दिवशी फिल्टरच्या खड्ड्यात चहाच्या रंगाचं पाणी आणि वाळूवर चिखलाची साय. म्हणे 'सगळीकडे असंच लावतो ओ'. भांडून 200 लिटरचा ड्रम बसवून घेतला, खाली नळ आहे, उघडीप मिळाली की सोडायचा, विसरलात तर पुढची घाण सरळ फिल्टरमध्ये.

खड्डा मात्र एक नंबर बांधलाय, चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा), खाली मोठे दगड, मग खडी, जाळी आणि वर वाळू. वरची दोन इंच वाळू पावसाआधी काढून धुवावी लागते, मी आणि खालच्या मजल्यावरचे काका बसलो होतो, कंबरेचं काय झालं विचारू नका.

तो 'डायरेक्ट प्या' म्हणत होता, ते अजिबात ऐकू नका, वाळूने गाळ अडतो, जंतू सगळे मरत नाहीत. आम्ही विहिरीचं फक्त धुण्याला, फ्लशला, झाडांना वापरतो, प्यायला नळाचंच, ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं.

आणि टँकर बंद होईल ह्या आशेवर करू नका. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत पाणी जसं पटकन मुरतं तसं पटकन निघूनही जातं. आमचा आठवड्याचा टँकर पंधरवड्यावर आला, बस. 5 पैकी साडेतीन, ड्रम आधीच लावला असता तर चार दिले असते.