दाराची काच बदलली आणि खुळखुळा पण गेला (नाना पेठ, 4 स्टार)

पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली सांगते. मी गाड्यांमधली जाणकार वगैरे अजिबात नाही, हवा भरायला पण पंपावरच्या मुलाला हाक मारते, पण ह्या एका काचेपायी आठवडाभर घरातून, सोसायटीतून, व्हॉट्सॲपवरून एवढे सल्ले गोळा झाले आणि त्यातले बहुतेक इतके चुकीचे निघाले की नुसतं "छान सर्व्हिस" लिहून सुटावंसं वाटेना. त्यामुळे लांबण लागणार आहे.

झालं असं, की सोसायटीत गवत कापायला माणूस आलेला, ते खांद्याला अडकवायचं मशीन असतं ना, पुढे दोरी गरागरा फिरते ते. गाडी कडेलाच उभी होती. मशीनने एक खडा उडवला, हरभऱ्याएवढा असेल नसेल, आणि मागच्या डाव्या दाराची काच गेली. तडा नाही, भोक नाही, अख्खी काच क्षणात पांढरीफटक झाली आणि खडीसाखरेचा डबा उपडा करावा तशी सांडली. मागच्या सीटवर, मुलाच्या चाइल्ड सीटमध्ये, बेल्टच्या फटीत, सगळीकडे. तो माणूस एवढा घाबरला की त्याला मीच पाणी आणून दिलं.

मग सल्ले सुरू. अण्णांचं (माझे सासरे) म्हणणं, काच मुळातच "कच्ची" होती, चांगल्या काचेला फक्त तडा जातो, त्यांच्या जुन्या गाडीच्या पुढच्या काचेला तडा गेलेला तर दोन वर्षं तशीच चालवली होती. नवरा म्हणाला आजकाल तड्यात रेझिन (काचेसारखं घट्ट होणारं चिकट द्रव्य) भरून देतात, त्याने रील बघितलंय. अरे पण काच शिल्लक कुठे आहे रेझिन भरायला! तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाने सांगितलं की नवीन काच लावल्यावर चोवीस तास गाडी हलवायची नाही, गोंद वाळायला लागतो, म्हणजे एक दिवस गाडी तिथेच ठेवायची तयारी करून जा. ग्रुपवर एकमत, की सर्व्हिस सेंटरशिवाय कुठे गेलात तर वॉरंटी जाईल. आमची हॅचबॅक नऊ वर्षांची आहे, वॉरंटी कधीच देवाघरी गेली.

ह्या दुकानात सगळ्यात आधी काय झालं असेल तर दुकानवाल्या काकांनी माझं हे सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "ताई, लोक पुढच्या काचेचे नियम दाराच्या काचेला लावतात, बाकी काही नाही." आणि खरंच, नंतर विचार केला तर अर्ध्याअधिक गैरसमजांचं मूळ हेच निघालं.

पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मधे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. ती फुटली तरी पापुद्र्याला धरून राहते, म्हणून तडा घेऊन दोन वर्षं चालते (चालवू नये, अण्णा), आणि छोटा टवका असेल तर त्यात रेझिन भरता येतं. दाराची काच एकच, टफन्ड. ती सहाशे डिग्रीच्या वर तापवतात आणि हवेचे झोत मारून झटकन गार करतात, बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्याला ओढून धरतो. म्हणून ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत, पण तो ताण एका जागी सुटला की सगळीकडे एकदमच सुटतो. आणि असे बोथट खडे होतात ते मुद्दामच, नाहीतर सुरीसारखे लांब तुकडे माणसाच्या गळ्यात जातील. म्हणजे अण्णांचं बरोब्बर उलटं, चुरा झाला ह्याचा अर्थ काच पक्की होती.

मी बसलेले असतानाच एक दादा दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीची जुनी काच काखेत मारून आले, म्हणे ही खालून फक्त एक इंच घासून द्या, आमच्या दारात बसेल. काकांनी वाद घातला नाही. कोपऱ्यातली एक भंगार काच घेतली, गोणपाटावर ठेवली, पोराला सांगितलं मधे हातोडी मार. पोराने बऱ्यापैकी मारली, टण्ण करून हातोडी वर आली. मग काचेच्या कडेला एक टोकदार पंच टेकवून अगदी हलकी टिचकी, आणि गोणपाटावर फक्त चुरा! कड हीच हिची नस. एकदा टफन केल्यावर ना कापता येते ना भोक पाडता येतं, जे काय आकार द्यायचे ते भट्टीत जायच्या आधी. दादा काच घेऊन परत गेले, थोडे चिडूनच. अण्णा हेडरेस्ट उपटून काच फोडायचे व्हिडिओ पाठवत असतात, त्यांना मी घरी येऊन सांगितलं की हेडरेस्ट त्यासाठी बनवलेलं नसतं, टोकदार हातोडी घ्या आणि मधे नाही, कोपऱ्यात मारा. आणि काही नव्या महागड्या गाड्यांत दाराला पण पुढच्यासारखी पापुद्र्याची काच असते, तिच्यावर ती हातोडी पण चालत नाही.

आता मुख्य काम, आणि इथे मी ह्या लोकांची फॅन झाले. माझा समज होता की जुनी फुटली, नवीन वरून खाली सरकवली, झालं. तसं नसतं. दुकानातल्या मुलाने आधी डोअर पॅड (दाराचं आतल्या बाजूचं आवरण) काढला, एकेक क्लिप हळू उचकटून. त्याच्या आत एक प्लॅस्टिकची शीट असते, काळ्या चिकट डांबरासारख्या पट्टीने चिकटवलेली, ती त्याने न फाडता एका बाजूने सोलून वर टेपने अडकवून ठेवली. मला वाटलेलं ती पॅकिंगची शीट आहे, कंपनीवाले काढायला विसरले असतील. तर पाऊस काचेवरून ओघळून दाराच्या आत जातोच जातो, ते पाणी दाराच्या खालच्या भोकांमधून बाहेर पडतं, आणि ही शीट ते पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. शीट फाटली की पावसाळ्यात मॅट ओलं, स्पीकर खराब, आणि तो कुबट वास.

हे ऐकल्यावर माझी ट्यूब पेटली. चार वर्षांपूर्वी आमच्या पुढच्या डाव्या दाराची काच एका गॅरेजमधून बदललेली (कुठल्या ते सोडा), तेव्हापासून ते दार आपटलं की आतून खुळ्ळ आवाज येतो आणि जून ते सप्टेंबर त्या बाजूचं मॅट कधीच वाळत नाही. आम्ही त्याला खुळखुळावालं दार म्हणायचो, आणि पाणी येतं ते गाडी जुनी झाली म्हणून, असं सरळ धरून चाललेलो. मी सहज बोलले तर काका म्हणाले उघडून बघू. उघडलं तर शीट अर्धी गायब, आणि दाराच्या तळाशी जुन्या काचेचे खडे, मातीत कालवलेले, पाणी जायची दोन भोकं ठार बुजलेली. मुलाने व्हॅक्यूम घातला, मग तार घालून भोकं मोकळी केली, तर गढूळ पाण्याची एक धार माझ्या चपलेवर. चहाच्या दोन ग्लासाएवढे खडे निघाले. चार वर्षं मी ते दारात घालून कोथरूड ते हडपसर फिरवत होते!

तर काच बदलून घेताना मुलाने व्हॅक्यूम फक्त सीटवर फिरवला आणि दार बंद केलं तर उघडायला लावा. आणि काच फुटल्यावर दुकानात जाईपर्यंत त्या दाराचं काच वरखाली करायचं बटण दाबू नका, मी दाबलं होतं, खडे चॅनलच्या (काच ज्या खाचेत सरकते ती) रबरात आणखी आत गेले आणि करकर आवाज यायला लागला. त्यावरून आधी एका ठिकाणी फोनवरच मला "काच वरखाली करणारी मशीन पण गेली, ती बदलावी लागेल" असं सांगण्यात आलेलं, काचेपेक्षा महाग. इथे मशीनला हात पण लावला नाही, चॅनल साफ केलं, सिलिकॉन स्प्रे मारला, सुरळीत. ग्रीस किंवा तेल घालू नका म्हणाले, धूळ धरतं आणि रबर फुगतं.

काच कुठली लावली हे पण बघून घ्या. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक छापलेलं असतं, बनवणाऱ्याचं नाव, आयएसआयचा शिक्का, आयएस 2553 हा नंबर. मी तर रात्री पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च मारून बाकीच्या तिन्ही काचा वाचत बसले, वॉचमनला वाटलं माझं काहीतरी बिनसलंय. ओरिजिनल म्हणजे गाडीच्या कंपनीने स्वतः बनवलेली काच, हा आणखी एक गोड गैरसमज. गाडीवाले काच बनवत नाहीत, काचवाले बनवतात, आपल्याकडे बऱ्याच गाड्यांना आसाही किंवा सेकुरिटची असते, आणि सेकुरिट तर आपली भोसरी-चाकणचीच. तोच माल गाडीच्या लोगोशिवाय बाजारात येतो तेव्हा स्वस्त पडतो. कोपरा कोरा असेल, काहीच छापलेलं नसेल, तर मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त असू दे. काच घेताना शेड पण सांगा, आमची हिरवट होती, पहिली आणली ती पांढरी निघाली, काकांनी स्वतःहूनच परत पाठवली. नवऱ्याने फोनवरून लगेच "जरा डार्क मिळते का विचार", तर बाजूच्या काचेतून निदान 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा नियम आहे, पुढच्यामागच्या काचेतून 70, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

चोवीस तासांचं काय? काहीच नाही. दाराची काच गोंदाने चिकटवत नाहीत, ती खाली मशीनच्या पकडीत बोल्टने बसते आणि बाजूने रबरात सरकते. पुढची काच आणि काही गाड्यांत मागच्या दाराजवळची ती छोटी न हलणारी काच, ह्या गोंदाच्या, त्यांना वाळायला वेळ द्यायचा असतो. मी काच लागल्यावर दहा मिनिटांत गाडी काढली.

इन्शुरन्सचं थोडक्यात. ग्रुपवर सांगत होते की झीरो डेप (भाग जुने म्हणून पैसे न कापणारं जादा कव्हर) नसेल तर काचेचे अर्धेच पैसे मिळतात. पॉलिसी काढून वाचली तर अर्धी कपात रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरीला आहे, काचेच्या भागांना शून्य. पण आमच्या इंजिनाच्या गाडीला पहिले 1,000 आपल्याच खिशातून जातात आणि वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तीही जाते. माझं बिल झालं 2,450, काच 1,650, मजुरी 500, दुसऱ्या दाराची शीट आणि सफाई 300. म्हणजे क्लेम करून, दुसऱ्या दाराचे 300 वगळता, हातात 1,150 आणि पाच वर्षं जमवलेला 50 टक्के बोनस पणाला. नाही केला. मोठ्या गाडीची महाग काच असेल तर गणित वेगळं, कागद घेऊन बसा.

आता एक स्टार. पार्किंग नाहीच, गाडी दुकानासमोर तिरकी लावून काम करतात आणि मागून टेम्पोवाले हॉर्न वाजवत राहतात, मला दोनदा गाडी पुढे घ्यायला लावली, दुसऱ्यांदा तर दाराचा पॅड निघालेला होता. तासाभराचं काम म्हणाले, अडीच तास लागले (तासभर शेडच्या भानगडीत गेला, मान्य). पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितल्यावर मात्र कुरकुर न करता दिलं, त्यावर काचेचा मेक पण लिहिला. आणि बसायला एकच स्टूल, त्यावर मांजर.

त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले. डाव्या बाजूचं मॅट कोरडं आहे, मी रोज सकाळी हात लावून बघते. खडे अजून निघतायत, परवा मुलाच्या डब्याच्या पिशवीत एक सापडला. जाणार असाल तर आधी फोनवर गाडीचं मॉडेल, साल, कुठलं दार आणि काचेची शेड एवढं सांगून ठेवा, काच आणून ठेवतात, आणि शनिवारी जाऊ नका.