कठिया गव्हाचा जाड दलिया: भाज्या आणि चीजच्या बेकसाठी

इंदुरात मल्हारगंजातील एका चक्कीवर कठिया गव्हाचा दलिया बारीक, मध्यम आणि जाड अशा तीन प्रकारांत मिळतो. आमच्या घरी त्याला अजूनही लापशीचा रवा म्हणतात; चक्कीवर मात्र दलियाच मागावा लागतो. यातला जाड दलिया मी आतापर्यंत पाच वेळा आणला आणि दर वेळी त्यात भाज्या व चीज घालून ओव्हनमध्ये बेक केला.

या पदार्थात धान्याची खरी परीक्षा होते. भाज्यांचा ओलावा, दाट दूध आणि वितळते चीज यांत बराच वेळ तापल्यावर भाताचा बहुधा गोळा होतो, आणि पूर्वी आणलेल्या एका पाकीटबंद दलियाचीही तीच गत झाली, कारण त्यात पिठाची भुकटीच फार होती. कठिया म्हणजे ड्युरम गहू, ज्याचे बाफले (उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे) माळव्यात घरोघरी होतात. त्याचा दाणा कडक आणि पिवळसर असतो, दळताना त्याचे चटकन पीठ न होता कण पडतात, आणि ते कण शिजल्यावरही आपला आकार सोडत नाहीत; पास्ता याच गव्हाच्या रव्याचा करतात तो त्यामुळेच. इंदूरच्या गहू संशोधन केंद्रात तयार झालेला ‘पूसा तेजस’ हा वाणही ड्युरमचाच आहे. इतके गुणी धान्य दाराशी असताना आपण ते बाफले आणि लापशीपुरतेच ठेवावे, याची मला मनापासून खंत वाटते.

एक वाटी दलिया चमचाभर तुपावर खमंग भाजून, अडीच वाट्या उकळत्या पाण्यात मीठ घालून, झाकण ठेवून मंद आचेवर बारा-तेरा मिनिटे शिजवावा. दाणा दाताखाली किंचित लागला पाहिजे, कारण उरलेला ओलावा तो ओव्हनमध्ये शोषून घेतो. कांदा, गाजर, फरसबी आणि ढोबळी मिरची मोठ्या आचेवर परतून त्यांचे पाणी पूर्ण आटवावे. पांढऱ्या सॉसऐवजी मी दोन भुट्ट्यांचा कीस दीड वाटी दुधात शिजवून घालते. मक्यातील स्टार्चमुळे दूध आपोआप दाट होते, मैदा लागत नाही, आणि इंदूरकरांच्या जिभेला ती चव ओळखीची असते.

चीज एकूण 100 ग्रॅम पुरते. अर्धे प्रोसेस्ड चीज मिश्रणात घालावे, कारण ते एकसारखे वितळते आणि त्याची चरबी वेगळी सुटत नाही. उरलेले मोझरेला वर पसरावे, म्हणजे तांबूस पापुद्रा येतो. परदेशी चीज घेताना पाकिटावरची खूण जरूर पाहावी, कारण पारंपरिक पार्मेजान करताना वासराच्या जठरातील रेनेट (दूध गोठवणारे विकर) वापरतात आणि शाकाहारी घरात ते चालणार नाही. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 25 मिनिटे, त्यातली शेवटची पाच फक्त वरच्या रॉडवर, एवढा वेळ मला योग्य वाटला. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे सुरी लावू नये. पाचही वेळा वड्या अखंड सुटल्या आणि आतले दाणे मोकळे राहिले. दुसऱ्या दिवशी तव्यावर झाकण ठेवून गरम केलेली वडीही चिकट झाली नव्हती.

चक्कीबद्दल तक्रार एकच, पण ती गंभीर आहे: कागदी पिशवीवर दळल्याची तारीख नसते. दलियात गव्हाचा अंकुर राहत असल्याने तो रव्यापेक्षा लवकर खवट होतो आणि पावसाळ्यात त्याला कीडही लागते. म्हणून एका वेळी अर्धा किलोच घ्यावा, समोर दळून मागावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा. ‘जाड’ असे स्पष्ट सांगितले नाही, तर मध्यम दलिया हाती पडतो. तो खिरीला उत्तम आहे, या बेकला नाही.