सरावासाठी कोणते पेलेट घ्यावेत : साधा डबा, ट्रेनिंग की मॅच?

दहा मीटर एअर रायफलच्या नेमबाजीत रायफल एकदा घेतली की अनेक वर्षे पुरते, पेलेटचा, म्हणजे हवेच्या दाबाने सुटणाऱ्या शिशाच्या छोट्या छर्ऱ्यांचा, खर्च मात्र दर महिन्याला समोर उभा राहतो. आठवड्यातून चार दिवस सराव आणि प्रत्येक वेळी साठ शॉट अधिक वीसेक साइटर (नेम जुळवण्यासाठीचे, गुणांत न धरले जाणारे शॉट) असा हिशेब धरला, तर 500 पेलेटचा डबा जेमतेम दीड आठवडा चालतो. घरात नेमबाजी करणारे दोघे असतील, जसे माझ्याकडे मी आणि आठवीतली मुलगी आहोत, तर हा खर्च किराण्याच्या यादीत धरावा लागतो. ठाणे आणि नवी मुंबईत 2022 नंतर या खेळाकडे वळलेली अनेक मुले मला रेंजवर भेटली. त्या वर्षी ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने कैरोत जागतिक अजिंक्यपद जिंकले, त्याचा त्यात वाटा असावा. त्यांच्या पालकांकडून मला वारंवार एकच प्रश्न येतो : सरावासाठी परवडणारे पेलेट कोणते? त्याचे उत्तर मी माझ्या अनुभवापुरते देतो.

आरंभीच एक मर्यादा स्पष्ट करतो. हे सगळे कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यापुरते आहे. आमच्याकडे खाडीकाठच्या कांदळवनात कोल्हे आहेत, पाणपक्षी आहेत, आणि एअर रायफल दिसली की 'त्यांच्यासाठी काय वापरता?' असे विचारणारेही भेटतात. त्यांच्यासाठी काहीही वापरायचे नसते. कोल्ह्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी माझे उत्तर बदलले नसते.

निवड ढोबळमानाने तीन प्रकारांत करायची असते. पहिला प्रकार म्हणजे खेळाच्या साहित्याच्या दुकानात मिळणारा साधा डबा, ज्यावर '4.5 मिमी' या व्यासाखेरीज फारसे काही लिहिलेले नसते. दुसरा प्रकार ट्रेनिंग दर्जाचा. जर्मनीच्या आरडब्ल्यूएस आणि एच अँड एन किंवा चीनच्या क्यूवायएस यांसारख्या, स्पर्धेचे पेलेट बनवणाऱ्या कंपन्या सरावासाठी म्हणून जे काढतात, ते या प्रकारात येतात. तिसरा प्रकार मॅच दर्जाचा. आरडब्ल्यूएसचे आर-10 किंवा एच अँड एनचे फिनाले मॅच ही त्यातली सर्वांच्या परिचयाची नावे. वजन, डोक्याचा चपटा आकार, शिशाचा मऊपणा या गोष्टी वाचकांना ठाऊक असतील, म्हणून मी त्या सोडून देतो. किमतीचे म्हणाल तर दुकान आणि हंगाम यांनुसार त्या हलतात, तरी माझ्या खरेदीत मॅचच्या एका डब्याच्या पैशांत ट्रेनिंगचे साधारण दोन डबे आले आहेत, आणि साधा डबा त्याहूनही बराच स्वस्त पडला आहे.

मी सुरुवात साध्या डब्यापासून केली आणि तेव्हा ते मला पूर्णपणे शहाणपणाचे वाटले होते. नवशिक्याचा हात हलतो तेवढी पेलेटची चूक मोठी नसते, असा तो युक्तिवाद आहे आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरता तो खराही असावा. पुढे काय झाले ते मात्र सविस्तर सांगतो, कारण माझा निर्णय त्यावरच झाला.

साधारण सहाव्या महिन्यात माझा ग्रुप आवळू लागला होता, म्हणजे शॉट एकमेकांच्या जवळ पडू लागले होते. अशा वेळी एका संध्याकाळी, श्वास, साइट आणि ट्रिगर सगळे जुळून आलेला एक शॉट सुटला. शॉट सुटताच तो कुठे गेला असेल हे नेमबाजाला आतून कळते, आणि मला तो स्वच्छ दहा वाटला होता. पडद्यावर 8.9 आले (एका शॉटला जास्तीत जास्त 10.9 मिळतात), उजवीकडे खाली. दहा-बारा शॉटनंतर पुन्हा तसेच. आमचे प्रशिक्षक सर मागून पाहत होते. ते म्हणाले, "ट्रिगर ओढताय तुम्ही, दाबत नाही आहात." त्यांचे म्हणणे मी मनावर घेतले. पुढचे तीन आठवडे मी बोटाची जागा बदलली, ट्रिगरचे वजन, म्हणजे तो दाबायला लागणारा जोर, बदलले, खांद्याची पट्टी हलवली आणि घरी भिंतीसमोर कोरडा, म्हणजे पेलेटविना, सराव वाढवला. या सगळ्यानंतरही तो अवचित शॉट येतच राहिला. उलट, आधी जे बरे जमत होते तेही बिघडले.

शेवटी सरांनीच माझ्या डब्यातले मूठभर पेलेट काचेच्या तुकड्यावर एकेक करून घरंगळवले. चांगला पेलेट डोक्याकडे आणि मागे सारखा गोल असल्यामुळे संथ वळण घेत जातो. माझ्यातले काही अडखळत, डुगडुगत गेले. त्यांचा मागचा पोकळ घेर, ज्याला रेंजवर सगळे स्कर्ट म्हणतात, एका बाजूने दबलेला होता. हवेचा दाब याच घेराला नळीच्या आतल्या आट्यांवर, म्हणजे पेलेटला फिरवणाऱ्या खाचांवर, दाबून धरतो. तो वाकडा असेल तर नळीच्या तोंडाशी हवा एका बाजूने आधी सुटते आणि पेलेट किंचित कलंडून निघतो. सर त्या दिवशी एवढेच म्हणाले, "तीन आठवडे तुम्ही नसलेली चूक दुरुस्त करत होता." मला त्या तीन आठवड्यांचे आजही वाईट वाटते. पेलेटचे पैसे त्या मानाने किरकोळ होते.

यावर उपाय म्हणून मी पेलेट निवडून घेऊ लागलो. नेरुळच्या घरी रविवारी सकाळी काचेच्या टीपॉयवर पूर्ण डबा तपासला. त्याला दीड तास लागला आणि पन्नासहून अधिक पेलेट बाजूला काढावे लागले. म्हणजे दहातला एक गेला आणि स्वस्ताईचा काही भाग तिथेच संपला. मुलगी हौसेने मदतीला बसली होती. काम संपताच तिने पोह्यांच्या बशीकडे हात नेला, तेव्हा तिच्या बोटांची टोके करडी झालेली मला दिसली. ती शिशाची भुकटी होती. शिसे पोटात जाणे कोणालाच चांगले नाही, वाढत्या मुलांना तर मुळीच नाही. तिला साबणाने हात धुवायला लावले, टीपॉय ओल्या फडक्याने पुसला, आणि घरात पेलेट निवडण्याचा कार्यक्रम त्या दिवशी कायमचा बंद केला. निवडल्याशिवाय विश्वास ठेवता येत नाही आणि घरी निवडता येत नाही, अशा डब्याचे मग करायचे काय?

दबलेल्या स्कर्टचा सगळा दोष कारखान्याचा नसतो, हेही सांगायला हवे. माझी रायफल ठाण्याच्या रेंजवर लॉकरमध्ये असते, पेलेट मात्र मी नेरुळहून ट्रान्स-हार्बर लोकलने पाठपिशवीतून नेत असे. अर्धा रिकामा डबा तेवढ्या प्रवासात खुळखुळत राहतो, पेलेट एकमेकांवर आपटतात आणि भुकटीही त्यातूनच वाढते. आता मी डब्यात वरून फोमची चकती बसवतो, त्याने बराच फरक पडला आहे.

ट्रेनिंग दर्जाच्या पेलेटकडे वळल्यावर पहिल्याच महिन्यात मला जाणवले ते असे की पडद्यावरचा आकडा आणि माझ्या मनातला आकडा पुन्हा जुळू लागले. वाईट शॉट येतच होते, पण ते का आले हे मला सांगता येत होते. रेतीच्या पिशवीवर रायफल टेकवून मी तिन्ही प्रकारांचे दहा-दहा शॉट कागदावर घेतले. याला शास्त्रीय चाचणी म्हणता येणार नाही, कारण रायफल शिकंज्यात नव्हती आणि मागे मीच होतो. मॅचच्या पेलेटचे दहाही शॉट मिळून एकच नेटके भोक झाले. ट्रेनिंगचे भोक किंचित लांबट होते, तरी एकसंध होते. साध्या डब्यातले सात एकत्र बसले आणि तीन आपापल्या वाटेने गेले.

मग थेट मॅचच का घेऊ नयेत? ज्यांना परवडतात त्यांनी जरूर घ्यावेत, त्यात चूक काहीच नाही. हांगझौच्या आशियाई स्पर्धेत 2023 साली रुद्रांक्ष, दिव्यांश आणि ऐश्वर्य यांच्या भारतीय संघाने 1893.7 गुण मिळवून जागतिक विक्रम केला. त्याचा अर्थ प्रत्येक शॉटची सरासरी 10.5 च्या किंचित वर, म्हणजेच शॉट केंद्रापासून साधारण सव्वा मिलिमीटरच्या आत. त्या पातळीवर 4.49 आणि 4.50 मिमी या पेलेटच्या डोक्याच्या मापांतला फरकही महत्त्वाचा ठरतो आणि नळीशी जुळणारा लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेली तुकडी, शोधून साठवणे योग्यच आहे. माझ्यासारख्याचा, किंवा जिल्हा स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलाचा हात अजून त्याहून कितीतरी जास्त सरकतो. तिथे ट्रेनिंग आणि मॅच यांतला फरक हाताच्या चुकीत झाकला जातो, तर साधा डबा आणि ट्रेनिंग यांतला फरक झाकला जात नाही, निदान माझ्या बाबतीत तरी गेला नाही. वाचलेल्या पैशांतून महिन्याला आणखी एक डबा येतो, आणि मला त्या जास्तीच्या 500 शॉटचा उपयोग अधिक वाटतो.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. सराव एका पेलेटवर आणि स्पर्धा दुसऱ्यावर केली तर शॉट पडण्याची जागा थोडी सरकते. यासाठी मी ट्रेनिंगचे पेलेट मॅचच्याच वजनाचे, म्हणजे 0.53 ग्रॅमचे घेतो आणि स्पर्धेआधीचा शेवटचा आठवडा मॅचच्या डब्यावर काढतो. वरळीच्या रेंजवर मागच्या वेळी मला साइटचे (नेम धरण्याच्या भागाचे) दोन-तीन क्लिक, म्हणजे बारीक टप्पे, द्यावे लागले, ते साइटरच्या वेळेत सहज बसले. मुलीच्या रायफलला तेही लागले नाहीत. प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा असतो, त्यामुळे तुमच्याकडे हे थोडे वेगळे निघू शकेल.

शिसेविरहित, कथलाचे पेलेटही मिळतात आणि वर सांगितलेल्या प्रसंगानंतर मी त्यांचा गंभीरपणे विचार केला होता. ते वजनाला बरेच हलके असल्यामुळे शॉटची जागा जास्त सरकते आणि किंमत चढी असल्यामुळे रोजच्या सरावाला परवडत नाहीत. म्हणून आम्ही शिशाचेच वापरतो, रेंजवरून निघताना दोघेही साबणाने हात धुतो आणि लेनवर, म्हणजे नेमबाजीच्या जागेवर, काहीही खात नाही.

आता खरेदीविषयी. ट्रेनिंगचे डबे घेताना एकाच लॉटचे घ्यावेत, लॉट क्रमांक बहुधा डब्याच्या मागे किंवा तळाशी असतो. आधी एक डबा आणून आपल्या रायफलवर तपासावा आणि जुळला तर त्याच आठवड्यात तीन-चार महिन्यांचा साठा करावा, कारण पुढच्या वेळी दुकानात तोच लॉट मिळेल याची खात्री नसते. पावसाळ्यापूर्वी साठा करणार असाल तर ठेवण्याची जागा आधी ठरवा. पहिल्या वर्षी मी चार डबे प्लायवूडच्या कपाटात ठेवले होते आणि ऑगस्टमध्ये उघडले तेव्हा पेलेटवर पांढरट थर आला होता. प्लायवूडमधून सुटणाऱ्या आम्लयुक्त वाफा आणि खाडीकाठची दमट हवा यांनी शिसे असे फुलते. ते सगळे डबे टाकून द्यावे लागले. आता ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, स्वयंपाकघरापासून दूर आणि कुलपात असतात. मे महिन्यात भरलेले पेलेट गेल्या दिवाळीत उघडले, तेव्हा ते आणले त्या दिवसासारखेच राखाडी आणि चकचकीत होते.